सही एकीचीच लागते, डॉक्टर

प्रति,
प्रसूतिगृहं आणि स्त्रीरोग दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टर मंडळींना,

स.न.वि.वि.

मी डॉक्टर नाही. तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या अंगाला, बाईच्या उशाशी उभी राहणारी सिस्टर होते. तुम्ही हात पुढे केला की त्यात काय द्यायचं हे न विचारता कळावं, इतकी वर्षं होते. आता निवृत्त आहे, कुणाच्या ड्यूटीच्या तक्त्यावर माझं नाव नाही, तेव्हा साचलेलं लिहायला मोकळी आहे. कुठल्या गावच्या, कुठल्या दवाखान्यातल्या गोष्टी हे सांगणार नाही. सांगायची गरजही नाही, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या आपल्याच ओपीडीतल्या वाटतील.

एक प्रश्न मी किती वेळा विचारला असेल याचा हिशेब नाही. बाई आत यायची, पाळी चुकलीय म्हणायची. आवाजावरूनच कळायचं की ही आनंदाने सांगत नाहीये. मी केसपेपर पुढे ओढायचे आणि विचारायचे, “सोबत कोण आलंय?” किती दिवस झालेत, मनात काय आहे, हे सगळं नंतर. नवरा असला तर पुढचं बोलणं नवऱ्याशी, सासू असली तर सासूशी. कुणीच नसलं तर ठरलेलं उत्तर: “मिस्टरांना घेऊन ये, त्यांची सही लागते.”

लागत नाही. गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही काही वर्षं मी तेच म्हणत राहिले, कारण दवाखान्याची पद्धत तशी होती. तेव्हा या पत्रातलं निम्मं माझ्याच पदरात घालून घेते.

एक बाई विसरता येत नाही. कडेवर वर्षाचं, अजून अंगावर पिणारं मूल. दूध पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत असं तिला सगळ्यांनी सांगितलेलं. बाळंतपणानंतर पाळी धड लागली नव्हती, त्यामुळे चुकली कधी हेच तिला सांगता येईना. तपासलं तेव्हा सात आठवड्यांच्या आसपास निघालं. तिचं म्हणणं सरळ होतं: एवढ्यात दुसरं झेपणार नाही. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. मी तिच्या हातात फॉर्म दिला. सरकारी नव्हे, दवाखान्याने छापून घेतलेला. खाली दोन ओळी, एक ‘रुग्णाची सही’, दुसरी ‘पतीची सही’. तिने तो घडी घालून पाकिटात ठेवला आणि गेली.

महिन्याने तिला रिक्षातून आणलं. मेडिकलमधून कुणीतरी गोळ्या आणून दिल्या होत्या. कशा घ्यायच्या, कधी घ्यायच्या, काय झालं तर दवाखाना गाठायचा, हे सांगायला कुणी नव्हतं, आणि गोळ्यांची मुदतही तोवर टळून गेली होती. तीन दिवस अंगावरून जात होतं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. वाचली. घरच्यांचा नंबर शोधायला मी तिचं पाकीट उघडलं तर फॉर्म तसाच आत, चौपदरी घडी, वर तिची सही, खालची ओळ कोरी.

त्या दिवशी आम्ही सगळे गोळ्यांना शिव्या घातल्या. गोळ्यांना घालणं सोपं होतं.

आपल्या देशात २०१५ साली अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असं ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात आहे. त्यातल्या पुष्कळ जणींचं नीट पार पडलं असणार, कारण वेळेत आणि बरोबर घेतलेल्या गोळ्या चांगलं काम करतात. पण एवढ्या बायका तुमच्या दारावरून पुढे मेडिकलकडे का वळतात, हा प्रश्न मला छळतो. पैसे, अंतर, लाज, ही कारणं आहेतच. त्यांत एक कारण आमचा तो काउंटरवरचा प्रश्नही आहे.

कायदा तुम्हाला मी काय शिकवणार? पण तुमच्या रिसेप्शनला बसलेल्या मुलीला तो ठाऊक नसतो आणि तुमच्यातल्याही काहींना अर्धाच ठाऊक असतो, असं मी पाहिलंय. गर्भपाताच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या शांतिलाल शाह समितीचा अहवाल १९६६ चा, वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा, अंमल १ एप्रिल १९७२ पासून. त्या पहिल्या कायद्यातसुद्धा सज्ञान बाईच्या बाबतीत फक्त तिचीच संमती मागितलेली आहे. कलम ३, पोटकलम ४. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा स्त्रीला मानसिक आजार असेल तर पालकाची लेखी संमती. बस्स. नवरा, वडील, सासरे त्या पोटकलमात शोधून सापडत नाहीत. नियमांबरोबरचा फॉर्म सी काढून बघा. नाव, ‘अमक्याची मुलगी किंवा पत्नी’, वय, पत्ता, आणि मी माझ्या गर्भपाताला संमती देते, एवढाच मजकूर. माझी आपली अटकळ, तो ‘अमक्याची पत्नी’ रकाना बघून कुणाला तरी सहीची कल्पना सुचली आणि छापखान्याने ती पक्की केली.

“उद्या नवऱ्याने केस केली तर?” हे मी अनेक डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. केस होऊन गेलेली आहे. एका नवऱ्याने आपल्या परवानगीशिवाय गर्भपात केला म्हणून बायको आणि डॉक्टर दोघांवर भरपाईचा दावा लावला होता. २०११ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं अपील फेटाळलं.

मग २०२१ ची दुरुस्ती. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीसमध्ये नियमांत सांगितलेल्या परिस्थितीत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने. गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कारणापुढे आधी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असं होतं, तिथे आता ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आहे. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित मुलीला वगळता येणार नाही. त्याच निकालात तुमच्यासाठीही दोन शब्द आहेत: घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी, असल्या कायद्यात नसलेल्या अटी घालू नका. शिवाय कलम ५ अ आहेच. तिचं नाव भलत्याला सांगितलं तर वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. आता मला सांगा, भरल्या ओपीडीत “गर्भपातवाल्या बाई कोण?” असं मोठ्याने पुकारणं कशात बसतं? मी पुकारलंय.

एक मात्र खरं, आपला कायदा निर्णय पूर्णपणे बाईच्या हाती देत नाही. डॉक्टरचं मत लागतं. तिची इच्छा तुमच्या मतावर टांगलेली आहे, म्हणूनच पत्र तुम्हाला आहे, तिच्या नवऱ्याला नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतेय असं वाटणार नाही. एक बाई नवरा आणि सासूबरोबर आली होती. शेवटची पाळी कधी, हे सासूने सांगितलं. मुलं किती, हे नवऱ्याने. नको आहे, असं दोघांनी मिळून. ती मान हलवत होती. सही तिचीच घेतली, म्हणजे कायद्याने कागद चोख. गाऊन घालायला मी तिला आतल्या खोलीत नेलं, पाठीमागची नाडी बांधत होते, तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, “आता नाही म्हटलं तर चालतं का हो?”

मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं. त्या वैतागल्या, पुढे सिझरची बाई होती, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत होते. पण थांबल्या. सासू-नवऱ्याला चहा प्यायला पाठवलं, दार लावलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. पंधरा मिनिटं. ती बाई गाऊन काढून, आपली साडी नेसून घरी गेली. पुढे काय झालं मला माहीत नाही. मूल झालं असेल, किंवा दुसऱ्या दवाखान्यात नेलं असेल. पण माझ्या नोकरीत मी पाहिलेली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं तीच. त्या डॉक्टरांनी तिला काहीच सल्ला दिला नाही. माहिती दिली, आणि मग गप्प बसल्या. ते गप्प बसणंच फार अवघड असतं, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

पहिलीला सोबत कुणी नव्हतं म्हणून आम्ही परत पाठवलं, दुसरीला सोबत होती म्हणून तिला विचारलंच नाही.

‘सगळं समजून घेऊन संमती देत आहे’ असं फॉर्मवर छापलेलं असतं. काय समजून? मी तीस वर्षांत बायकांना काय समजावलं जातं ते ऐकलंय. “गोळ्यांनी होऊन जाईल”, “पिशवी धुवावी लागेल”, “उशीर करू नका”, “पुढे मूल राहायला त्रास होऊ शकतो हं”. चार वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं बहुतेक वेळा खोटं. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की योग्य पद्धतीने, योग्य दिवसांत केलेला गर्भपात फार सुरक्षित असतो आणि त्याने पुढे दिवस जायला अडचण येत नाही. स्तनांच्या कॅन्सरची भीती घालणारेही भेटलेत. २००४ साली सोळा देशांतल्या त्रेपन्न अभ्यासांची माहिती एकत्र करून ‘द लॅन्सेट’मध्ये छापली गेली, आणि गर्भपाताने तो धोका वाढत नाही असंच निघालं. पण भीती घातली की बाई प्रश्न विचारत नाही आणि ओपीडी लवकर संपते.

दिवस कसे मोजतात, हे तर कुणी सांगतच नाही. शेवटची पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून आपण मोजतो. पाळी चुकली त्या दिवशीच बाई चार आठवड्यांची झालेली असते, आणि चुकून पंधरा दिवस गेले की सहाची. ती घरी बसून हिशेब करते तो ‘संबंध आला तेव्हापासून’चा, त्यात दोन आठवडे कमी येतात. मग तुम्ही ‘आठ आठवडे’ म्हणालात की तिला वाटतं भलतंच काहीतरी आहे, कधीकधी नवऱ्यालाही वाटतं, आणि त्यावरून घरात काय रामायण होतं ते आम्ही नंतर ऐकतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कॅलेंडर काढून बोटाने दाखवायचं.

आणि ‘उशीर करू नका’ म्हणजे नेमकं काय? गोळ्यांना आपल्याकडे नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची मर्यादा आहे. बारापर्यंत साध्या सक्शनने, म्हणजे नळीने पिशवीतलं ओढून घेऊन, होतं. त्यापुढे पद्धत बदलते, जोखीम वाढते, जागाही वेगळी लागते, पण वीसपर्यंत कायद्याचं दार उघडं असतं. लवकर केलेलं बरं, यात वाद नाही. मात्र सहा आठवड्यांच्या बाईला “आज नाही तर मग कठीण आहे” असं सांगणं म्हणजे तिच्या हातातले विचार करायचे आठ-दहा दिवस काढून घेणं. जिला आज ठरवता येत नाही तिला सांगा, अमक्या तारखेपर्यंत गोळ्यांचा मार्ग आहे, तमक्या तारखेपर्यंत सक्शनचा. तारीख कागदावर लिहून द्या. तारीख दिसली की माणूस शांत होतो, हे मी पाहिलंय.

गोळ्यांबद्दलही असंच. पहिली एक गोळी, २०० मिलिग्रॅमची. मग २४ ते ४८ तासांनी २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली घेऊन मन बदललं म्हणून दुसरा भाग सोडून द्यायचा, किंवा दुखायला लागलं म्हणून मधेच थांबायचं, असं काही केलं तर लगेच डॉक्टरांकडे यायचं, हे सांगायला नको का? पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, कळा येतील, त्या दिवशी घरी कुणीतरी हवं, दुखण्यावर गोळी घेतलेली चालते, थोडंथोडं दोन आठवडे जात राहील. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले तर वाट बघायची नाही. ताप उतरत नसेल, वास येत असेल, एका बाजूला जोराचं दुखून चक्कर येत असेल तर यायचंच. नळीतल्या गर्भाला या गोळ्या लागू पडत नाहीत, हे पुष्कळ बायकांनी कधी ऐकलेलंच नसतं. आणि घरी मूत्राची तपासणी पट्टी पुढचे तीन-चार आठवडेही दोन रेघा दाखवू शकते. एक मुलगी दहा दिवसांनी ती पट्टी घेऊन रडत आली होती, पुन्हा गोळ्या आणून घ्यायच्या बेतात होती.

सक्शनचं थोडक्यात. पहिल्या तिमाहीत पाच-दहा मिनिटांचं काम, स्थानिक भूल देऊनही होतं. तरी अजून कितीतरी ठिकाणी लोखंडी क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, घेऊन पूर्ण भूल देऊन ‘क्युरेटिंग’ करतात. जागतिक आरोग्य संघटनेने तसं करू नका असं बजावलेलं आहे. बाईला दोन्हींतला फरक माहीत असता तर तिने विचारलं असतं.

सोनोग्राफीच्या खोलीतलंही एक बोलते, राग मानू नका. गर्भपातासाठी आलेल्या बाईला न विचारता स्क्रीन तिच्याकडे वळवायची आणि ठोके ऐकवायचे. जिला बघायचंय तिला जरूर दाखवा. मी स्वतः बघायचा आग्रह धरणाऱ्या बायका पाहिल्यात, काहींनी बघून निर्णय बदलला, काहींनी बघूनही बदलला नाही. पण विचारा आधी. तिने मान फिरवली की पुन्हा “बघा बघा” करणं ही माहिती देणं नव्हे.

नंतर वाईट वाटेल का, हा प्रश्न बायका तुम्हाला विचारत नाहीत, आम्हाला विचारतात, सलाईन लावताना. मी आधी म्हणायचे, “काही नाही वाटत.” मग म्हणायला लागले, “वाटतं ना.” दोन्ही चूक. काहींना हायसं वाटतं, काही रडतात, काही हायसं वाटूनही रडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी गर्भपात केलेल्या बायकांना पाच वर्षं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक जणी निर्णय योग्य होता असंच म्हणत राहिल्या. दूरच्या देशातला अभ्यास आहे, आपल्या बाईच्या घरात सासू आहे, शेजारीण आहे, हे मला कळतं. पण आपण मनानेच पश्चात्तापाची भविष्यवाणी करण्यापेक्षा तेवढं सांगितलेलं बरं.

ठेवायचं असेल तर काय, हेही त्याच टेबलावर यायला हवं. लग्न न झालेल्या मुलीला आपण पहिल्या मिनिटाला ‘काढायलाच आलीय’ असं धरून चालतो. तिला मूल जन्माला घालून बालकल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येतं, तिची ओळख गुप्त राहते, आणि मन बदललं तर दोन महिन्यांची मुदत असते, हे कितीजणींना कळतं? नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, हे एखादीच्या निर्णयात फरक पाडू शकतं. पैसा नाही म्हणून नको म्हणणारी आणि नकोच म्हणून नको म्हणणारी, या दोघी वेगळ्या. विचारल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

आणि ती अट. “कॉपर टी बसवून घेणार असशील तर करते”, किंवा दोन मुलांनंतर आलेल्या बाईला “ऑपरेशनची तयारी ठेव”. कायद्यात अशी अट कुठेही नाही. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज सुटू शकतं, तेव्हा साधनाबद्दल त्याच दिवशी बोलायलाच हवं, यात दुमत नाही. पण ती टेबलावर पडलेली असताना, पाय वर बांधलेले असताना ‘हो’ घेतलं तर तो होकार कशाचा?

तुमची भीतीही मला दिसते. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९८८ साली केला, देशाचा आला १९९४ ला. त्यानंतर धाडी, सील केलेली मशिनं, रजिस्टरमधल्या एका चुकलेल्या रकान्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या, हे मी जवळून पाहिलंय. त्या भीतीने कित्येक दवाखान्यांनी बारा आठवड्यांपुढची बाई घेणंच बंद केलं. मुलगी म्हणून गर्भ पाडणाऱ्यांना तुरुंगात टाका, मी साक्ष द्यायला येते. पण सात आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग त्या सात आठवड्यांच्या बाईला “नको ती झंझट” म्हणून परत का पाठवता? तो कायदा लिंग शोधण्यावर आहे, हा गर्भपातावर. दोन वेगळ्या फायली आहेत. अठराच्या आतल्या मुलीची तिसरी. तिथे पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव त्यात न देण्याची मुभा २०२२ च्या त्याच निकालाने दिली आहे, हे सांगितलं की कितीतरी आया भोंदूकडे जायच्या थांबतील.

पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, दिवस राहिलेल्या विधवांसाठी. जाहिरात लावली होती, त्यातला भाव असा: गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. तिथे जन्मलेल्या एका मुलाला पुढे त्या दोघांनी आपलंच म्हणून वाढवलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. मला या सगळ्यात ‘तुमच्या खुशीवर’ हे शब्द फार मोठे वाटतात. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, दारात उभ्या असलेल्या विधवेला सोबत कोण आलंय हे न विचारता.

मला काय हवंय ते सांगते, फार नाही. बाई आली की पहिली दहा मिनिटं ती एकटी आणि तुम्ही. नवरा चांगला असेल, बायकोची काळजी करणारा असेल. असे खूप पाहिलेत, हात धरून बसणारे, रडणारे. तिला हवा असेल तर नंतर तिने बोलवावं. दहा मिनिटं तुमच्याकडे नसतील, तर एखाद्या सिस्टरला नीट शिकवून ते काम द्या. आम्ही करू शकतो, आजवर फक्त आम्हाला सांगितलं गेलं ते ‘सही घे’ एवढंच. तिच्या तारखा तिच्या हातात कागदावर. ती ‘नाही’ म्हणाली तर गाऊनची नाडी सोडायला कुणी कुरकुरायचं नाही. तुम्हाला स्वतःला हे काम मनाला पटत नसेल तर तेही सरळ सांगा आणि त्याच दिवशी दुसरीकडे चिठ्ठी द्या. “पुढच्या आठवड्यात या” म्हणून तिचे आठवडे खाऊ नका.

आणि तो फॉर्म. पुढचा गठ्ठा छापायला द्याल तेव्हा खालची ओळ काढून टाका. जुने शिल्लक असतील तर पेनाने खोडले तरी चालतील. मी नोकरीवर असते तर रात्रपाळीत बसून मीच खोडले असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका